झटका मशीनची येळवस

येळवस, म्हणजे रानात जाऊन पिकांची पूजा करायची वेळ अमावस्या, होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि आमच्या झटका मशीनची बॅटरी भरेनाशी झाली. शेताभोवतीच्या तारेत झटका नाही म्हटल्यावर रानडुकरांना ज्वारी मोकळीच. म्हणून वडील पुन्हा राखणीला रानात झोपू लागले. त्यांना दमा आहे. थंडीत वाजणारी त्यांची छाती मला घरी अंथरुणात ऐकू येतेय असं वाटायचं, आणि स्वतःचाच राग यायचा. सोलर प्लेटचं व्होल्टेज बॅटरीला सोसेल इतकं उतरवणारा कन्व्हर्टर मीच जोडला होता, तोही मोठ्या तोऱ्यात.

दुपारी मीटर घेऊन बांधावर बसलो. करडई फुलली होती, ढोकीच्या साखर कारखान्याकडं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, आणि ऊन इतकं मऊ की काम सोडून तिथंच आडवं व्हावं. प्लेटकडून वीज नीट येत होती. बॅटरीकडं मात्र जाईना. डायोड बदलला, कॉइल सोडवून पुन्हा जोडली. फरक शून्य. वैतागून कन्व्हर्टरची पेटी उन्हाकडं कलती केली, तर आतून आंबूस वास आला. चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपच्या पायांवर पांढरी खपली धरली होती.

आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक घालून केलेली ती आंबील वडिलांनी येळवशीला रानभर शिंपडली होती, तशी पेटीवरही. हवेसाठी मी पाडलेल्या भोकांतून ती आत उतरली. आता त्या खपलीतून वीज भलतीकडं झिरपत होती, आणि चिप समजत होती, बॅटरीचं पोट भरलंय.

वडील ज्वारीतून बाहेर आले, तसा मी तणतणलो. "आण्णा, मशीनवर कुणी आंबील शिपडतंय व्हय?"

ते शांतपणे म्हणाले, "समद्या रानाला दिली. रान राखणाऱ्यालाच कसं उपाशी ठिवायचं?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. माझ्या खटपटी त्यांना पोरखेळ वाटतात, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. गलबलून आलं मला. स्पिरिट लावून ब्रशनं खपली काढली, सर्किट उन्हात वाळत ठेवलं, आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. जोडल्यावर मीटरचा आकडा हळूहळू वर सरकू लागला.

दिवस कलल्यावर वडिलांनी मशीनची टिकटिक कान देऊन ऐकली. मग रानात पांघरायची वाकळ खांद्यावर टाकली आणि माझ्या पुढं घराकडं चालू लागले. ज्वारीकडं एकदाही वळून पाहिलं नाही त्यांनी.