खिळा सरकारचा

सरकारी दवाखान्याच्या बाळंतखोलीत आयाचं काम करणाऱ्या बाईला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ. तोफ डागली की फाटकावरचा रखवालदारसुद्धा बिडी विझवायचा. कळा देणाऱ्या बाईच्या किंकाळीपेक्षा मावशीचं "जोर लाव गं" मोठं, त्यामुळे बाहेर बसलेल्या नवऱ्यांना कळायचंच नाही की आत नक्की बाळंत कोण होतंय.

हात मात्र लोण्याचे. निम्म्या वस्तीची पहिली आंघोळ तिच्या हातची. मिशा फुटलेले बाप्येसुद्धा रस्त्यात जास्त बोलायला लागले की ती म्हणायची, "गप रे, तुला उघडा बघितलाय मी." आणि ते गप्प व्हायचे.

खाटेच्या डाव्या भिंतीवर एक तसबीर होती. काचेआड मावशीच्या धर्मग्रंथातल्या चार ओळी, सोनेरी अक्षरांत. नोकरीच्या सुरुवातीला एक बाळ जन्मलं ते रडेना. तेव्हाचे डॉक्टर त्याची पाठ चोळत होते आणि मावशी कोपऱ्यात उभी राहून त्या चार ओळी पुटपुटत होती. बाळाने टाहो फोडला. श्रेय कुणाचं, हा प्रश्न मावशीला कधी पडलाच नाही. लवकरच तसबीर भिंतीवर आली, आणि तेव्हापासून काचेला हात लावल्याशिवाय तिने एकही बाळंतपण केलं नाही.

मग नवी डॉक्टरीणबाई आली आणि तिने तसबीर काढायला सांगितली. ही खोली सरकारची, इथे सगळ्या धर्मांच्या बाया येतात, असं तिचं म्हणणं. म्हणणं वावगं नव्हतं, पण नवख्या पोरीने शिकवलेलं मावशीला झोंबलं. "बाई, तुम्ही टाके घाला," ती म्हणाली, "वरच्याचं मी बघते." वस्तीतल्या मंडळाच्या अध्यक्षांना तर आयतंच कोलीत मिळालं. दवाखान्याच्या दारावर याहून मोठी पाटी लावू, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. डॉक्टरीणबाईपुढे तापाच्या रोग्यांची रांग होती. तिने हात टेकले. मावशीने त्याच दिवशी जुना खिळा काढून चांगला लांबलचक खिळा ठोकला आणि तसबिरीची दोरी त्याला गुंडाळून गाठीवर गाठ मारली. आता कोण काढतं ते बघू.

काढायची पाळी तिच्यावरच आली.

एका दुपारी मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई आली. पहिलटकरीण, सोबत एकटी नणंद, आणि धर्म दुसरा. कळा वाढल्या तशी डॉक्टरीणबाईने बाळाचे ठोके ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. ठोके मंदावत होते. आई डाव्या कुशीवर राहिली तर बाळाला रक्त नीट पोचेल, म्हणून तिने वळवायला सांगितलं. मावशीने शिवणवालीला डावीकडे वळवलं. पुढच्या कळेला ती परत उजवीकडे. पुन्हा वळवलं, पुन्हा तेच. तोफ डागली, "अगं, तिकडच्या गादीला काटे आहेत का?"

शिवणवाली दात आवळून म्हणाली, "तिकडे तुमचं लिहिलेलं आहे."

"मग? चावतंय?"

"चावत नाही. पण ते दिसलं की वाटतं, दुसऱ्याच्या घरात येऊन पडलेय. अंग आखडतं." एक कळ गेली, मग ती पुढे म्हणाली, "सरकारी दवाखाना म्हणून आले, मावशी. तुमचं घर असतं तर विचारून आले असते."

मावशीने वर तसबिरीकडे बघितलं. डॉक्टरीणबाईने टोमणा मारला असता तर मावशी कदाचित अडूनच बसली असती. पण तिचा कान बाळाकडे होता.

मावशीची आतून तंतरली होती. तसबिरीवाचून बाळंतपण, तेही असं अडलेलं. काही अधिक-उणं झालं तर आयुष्यभर जिवाला घोर. पण शिवणवाली काही केल्या डावीकडे राहत नव्हती आणि ठोके कुणासाठी थांबणार नव्हते. मावशी स्टुलावर चढली. गाठी सुटेनात. मारल्या होत्या तिनेच, कुणाला बोल लावणार? नख मोडलं. शेवटी तिने पट्ट्या कापायची कात्री मागितली. त्या दिवशी कात्री नाळेच्या आधी तसबिरीच्या दोरीला लागली.

भिंत मोकळी झाली. शिवणवाली आपणहून डाव्या कुशीवर वळली आणि वळलेली राहिली. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईने नुसती मान हलवली. ठोके सावरले होते. ऊन कलायच्या आत पोरगी झाली, आणि अशी रडली की फाटकावरच्या रखवालदाराने बिडी विझवली.

मावशी खूश झाली, पण खरं सांगायचं तर जरा नाराजही. तसबीर नसताना इतकं झकास रडायचं कारण काय? मग तिच्या ध्यानात आलं, तसबीर टेबलावर पालथी पडली होती तरी ओळी तिने म्हटल्याच होत्या. तिचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते खाटेवरच्या बाईचं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष तणतणत आले. तसबीर कुणी काढायला लावली, त्याचं नाव पाहिजे होतं त्यांना.

"मी काढली," मावशी म्हणाली. "अध्यक्ष, त्या खाटेवर तुम्ही कधी पडलात?"

"मी इथेच जन्मलोय," अध्यक्ष म्हणाले.

"जन्मलात तेवढंच. तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते. उघडे असतात ते आईचे. खिळा सरकारचा, तसबीर माझी. माझी मी नेली. आणि दाराला पाटी लावायचीच असेल तर पायरी फुटलीय ते लिहा, बाया ठेचकाळतात."

अध्यक्षांनाही तिने उघडं बघितलेलं होतं, त्यामुळे वाद फार वाढला नाही. दोन-चार घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. बाळंतपणाला मात्र तिलाच हाक मारत राहिली.

तसबीर मावशीच्या कपाटाच्या दाराला आतून लागली. खिळा तसाच राहिला. ठोकलाच होता असा की निघेना. मग मावशीने रीत पाडली. खाटेवर येईल तिला विचारायचं, खिळ्याला काय लावायचं? जाताना आपलं आपण न्यायचं. कुणी आपल्या देवाचं लावलं. मावशीच्याच त्या चार ओळी एकीने घरून आणल्या. कुणी आईचा फोटो लावला. एकीने किल्ल्यांचा जुडगा अडकवला, सासूच्या हाती लागू नये म्हणून. बऱ्याच जणींनी काहीच नको म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, मावशी, हेही नियमात बसत नाही. मावशी म्हणाली, बाई, बाळंतपण तरी कुठं नियमात बसतं? त्यावर बाई हसली आणि रांगेकडे गेली.

शिवणवाली दुसऱ्या खेपेला आली. तिने खिळ्याला आपली मापाची टेप लटकवली आणि कुणी न सांगता डाव्या कुशीवर वळली. मावशी कपाट अर्धं उघडून, खोलीकडे पाठ करून, पुटपुटत उभी होती. शिवणवालीने कळ येऊन जाऊ दिली.

"मावशी, म्हणून झालं का?"

मावशीने मान वळवली.

"नसेल तर घ्या म्हणून," शिवणवाली म्हणाली. "पण जरा भरभर. हे बाळ काही थांबायचं नाही."