जाळी घासण्याचे चार दिवस

मी निवृत्त झालो तेव्हा मुलानं पुण्याहून बार्बेक्यूची शेगडी आणली. लोक निवृत्त मास्तरला शाल देतात, नारळ देतात, फार तर भिंतीवरचं घड्याळ देतात. आमच्याकडे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तशी ही तीन पायांची काळी शेगडी परभणीतल्या आमच्या गच्चीवर येऊन उभी राहिली. ज्या गावात वैशाखात गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवलं तर पाऊलच भाजून निघतं, तिथं कोळसा विकत आणून गच्चीवर जाळायचा, याला काय म्हणावं? पण मुलगा महिन्यातून एका रविवारी यायचा, सोबत सून आणि नात असायची, आणि कोंबडीचे तुकडे उलटेपालटे करता करता तो माझ्याशी चार शब्द बोलायचा. एरवी फोनवर ‘बरं आहे ना’ विचारतो आणि उत्तर यायच्या आत ठेवून देतो. म्हणून शेगडीविरुद्ध मी ब्र काढला नाही.

बायको माळकरी आहे. लग्नानंतर पाचसहा वर्षांनी तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली आणि घरातलं मटण बंद झालं. बंद म्हणजे खाली बंद. आमच्या भागात माळकरणीच्या घरात सहसा चालतं तेच आमच्याकडेही ठरलं. मटणाची भांडी वेगळी, ती जिन्याखालच्या खोलीत राहणार. शिजवायचं ते पुरुषांनी, तेही बाहेर. आणि भांडी घासायची तीही पुरुषांनीच. या शेवटच्या कलमाची अंमलबजावणी मात्र आमच्या घरात कधी धड झाली नाही.

त्यामुळे शेगडीवरची जाळी सहा महिने कुणी घासलीच नव्हती. दही, मसाला आणि चरबी एकावर एक जळून तिच्यावर असा थर बसला होता की गजांमधल्या फटी बुजत आल्या होत्या. मुलगा म्हणायचा, त्या थरामुळेच चव येते. आणि तीस वर्षं पोरांना नखं कापून या म्हणून दटावलेला मी, मान डोलावत तुकडे खायचो.

असे आम्ही वर असायचो आणि ती खाली. आपल्यापुरतं पिठलं-भाकरी करून ती टीव्हीसमोर बसायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं, पण नव्हतं वाटत.

मग एका सोमवारी नातीचा फोन आला. ती आठ वर्षांची आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. आजी वर आपल्याबरोबर का जेवत नाही, असं तिनं विचारलं. मी समजावलं, की आजी माळकरी आहे, जाळीला चिकन लागलेलं असतं, जाळी बाटलेली आहे, तिच्यावर भाजलेलं आजीला चालत नाही. तिकडून ताबडतोब आलं, ‘मग धुवा ना आजोबा.’ शिवाय, येत्या रविवारी आजी वर आली नाही तर मीही खालीच बसणार, अशी धमकी मिळाली. मी शब्द दिला, की जाळी अशी लख्ख करतो की आजी तिच्यावर भाजलेलं कणीस खाईल.

फोन स्पीकरवर होता. बायको शेजारी मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. नातीजवळ बसून जेवायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते आता माझ्यावर आलं होतं.

मंगळवारी सकाळी मी तारेची घासणी घेऊन गच्चीवर गेलो. पाऊण तासात एका गजाची चार बोटं जागा उघडी पडली आणि माझ्या अंगठ्याची साल निघाली. मग मी माझ्या दोन मित्रांना बोलावलं. एक पूर्ण्याचा, रेल्वेत फिटर होता. दुसरा पेडगावचा, कृषी खात्यातून निवृत्त झालेला. आम्हा तिघांपैकी एकानंही जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळलेला नाही, पण त्यामुळे कुणाचं मत अडलं नाही. नाही तरी उचलली जीभ लावली टाळ्याला यात आमचा हात कोण धरणार?

फिटर म्हणाला, रॉकेल लावा आणि तारेचा ब्रश मारा, इंजिनाचा कीट असाच निघतो. कृषीवाल्याचं म्हणणं पडलं, की आधी थराचा प्रकार ओळखावा, उपाय नंतर. तोपर्यंत मी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात अर्ध्या चड्डीतला एक गोरा माणूस तापलेल्या जाळीवर अर्धा कांदा घासत होता आणि थर लोण्यासारखा सुटत होता. आम्ही कोळसा पेटवला, कांदा काट्याला टोचला आणि आळीपाळीनं घासला. कांदा छान भाजला. थर जागच्या जागी राहिला. कांदा आम्ही मीठ लावून खाल्ला आणि त्या दिवशीचं काम तिथंच थांबवलं.

बुधवारी बायको पालमला बहिणीकडे निघाली. तिकडे गेली की आठ दिवस तिचं पाऊल निघत नाही. या वेळी एसटीला निघताना पायात चप्पल घालता घालता म्हणाली, ‘सुक्कारीच येते माघारी. रईवारचं हाय ना.’ जाळीचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही, कारण जाळी होती तशीच काळीकुट्ट होती.

गुरुवारी तिघांनी मिळून ठरवलं, की जाळी कढत पाण्यात खायचा सोडा घालून दिवसभर भिजवायची. पण भिजवायची कशात? बादलीत ती आडवी मावेना, टपाला तडा गेलेला. फिटरनं स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि भिंतीवरची पितळी परात खाली काढली. जाळी तिच्यात अशी बसली, जणू मापानंच बनवली होती. आम्हाला इतका आनंद झाला की काय सांगू. ही परात भाकरीच्या पिठाची. सणाला पुरणपोळीची कणीकही हिच्यातच मळली जाते. आम्ही तिघंही असल्याच घरात वाढलेलो, जिथं मटणाचा डाव चुकून भाजीच्या पातेल्यात पडला तर आई घर डोक्यावर घ्यायची. पण त्या वेळी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. सगळं डोकं जाळीत अडकलं होतं.

संध्याकाळपर्यंत परातीतलं पाणी डांबरासारखं झालं आणि वर चरबीचा तवंग आला. थर मऊ झाला होता, पण सुटत नव्हता. तेव्हा कृषीवाला पेडगावला जाऊन गोवऱ्यांच्या राखेची पिशवी आणि नारळाच्या शेंड्या घेऊन आला. राख लावून शेंडीनं घासलं, आणि गज पांढरे दिसायला लागले. कृषीवाल्यानं राखेतल्या क्षारांवर व्याख्यान दिलं. फिटर म्हणाला, याचा व्हिडिओ काढून टाकला पाहिजे, लोकांना माहीतच नसेल. समोरच्या घरातली म्हातारी तिच्या दारात बसून त्याच वेळी राखेनं तवा घासत होती. तिच्याकडे आमचं लक्ष गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

शुक्रवारी दुपारपर्यंत जाळी अशी झाली की भांड्यांच्या दुकानात टांगता आली असती. परातही मी साबणानं धुतली आणि खिळ्याला लावली. माझ्या हातून धुतलं गेलेलं ते आयुष्यातलं पहिलं भांडं.

बायको आली. मी तिला हात धरून वर नेलं आणि जाळी दाखवली. ती म्हणाली, ‘लय चकाकायली.’ मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथंच होती. संध्याकाळी ती ताटात भाकरीचं पीठ मळताना दिसली, पीठ कडेनं सांडत होतं. वयामुळे जड परात उचलवत नसेल, असा अर्थ मी काढला आणि त्याबद्दल मला तिची दयाही आली.

रविवारी मुलगा आला. मी जाळी उंच धरून चार दिवसांची कहाणी रंगवून सांगितली. परातीचं तेवढं गाळलं. ते सांगण्यासारखं वाटलं नाही. सुनेनं कणसं सोलली. नात जिन्यात जाऊन ओरडली, की आजी, वर ये, जाळी धुतली.

ती आली. हातात परात होती आणि परातीत रसरशीत निखारे. खाली गॅसवर कोळसे पेटवून आणले होते. पाण्याच्या टाकीजवळ बसून ती परात हलवून निखारे कडेकडेनं फिरवायला लागली. मुलानं विचारलं, हे काय. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘जाळी हिच्यात भिजिवली व्हती ना?’

मी हो म्हणालो. चरबीचा वास साबणानं जात नाही, हे तिला शुक्रवारीच कळलं होतं. चिंचेनं घासून झाली होती, राखेनं घासून झाली होती, आता निखारा फिरवला की परात पुन्हा वापरता येईल, असं ती सुनेला सांगत होती. रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण मास्तरकी अंगातून जात नाही. मला त्यात तर्क दिसला आणि मी तो बोलून दाखवला. ‘म्हणजे विस्तव लागला की भांडं शुद्ध होतं?’

‘व्हय की.’

‘मग ही जाळी तर दर वेळी विस्तवावरच असते.’

‘मंग? जाळी बाटली म्हनून मी कवा म्हनले?’

मी आठवून पाहिलं. सहा महिन्यांत ती एकदाही तसं म्हणाली नव्हती. नातीला फोनवर ते मी सांगितलं होतं, माझ्या मनानं, आणि तिनं ते शेजारी बसून ऐकून घेतलं होतं. एकदाही तिला विचारावं, असं मला वाटलं नव्हतं.

‘मग इतके दिवस वर का आली नाहीस?’

ती निखारे फिरवत राहिली. मान वर न करता म्हणाली, ‘कुनी या म्हनलं का?’

मुलगा चिमट्यानं कोळसे हलवायला लागला, हलवायची काही गरज नसताना. सून कणसाकडे बघत राहिली. नात तेवढी पटकन उठली आणि आजीसाठी खुर्ची शोधायला लागली. टाकीमागं पाहिलं, जिन्यात पाहिलं, मग मला विचारलं, की अजून एक कुठं ठेवलीय. अजून एक नव्हती. गच्चीवर चारच खुर्च्या होत्या. शेगडी आली त्या आठवड्यात मीच बाजारात जाऊन त्या आणल्या होत्या, घरातली माणसं मोजून.