हिरवं बटण

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर ती फरशी पुसते. त्याआधी दुसऱ्या देशात चौदा वर्षं ती शस्त्रक्रिया विभागात नर्स होती. इथे नर्स व्हायचं तर इथली भाषा यावी लागते, आणि ती येते हे परीक्षेत सिद्ध करावं लागतं. परीक्षा तीनदा देता येते. पाच वर्षं नर्सचं काम केलं नाही, तर जुनी नोंदणी रद्द होते. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा त्या पाचांतली तिची चार वर्षं आणि पाच महिने संपले होते.

एकदा सहा नंबरच्या खाटेवरचं सलाईन संपलं आणि नळीत रक्त उलटं चढू लागलं. ती दारात बादली घेऊन उभी होती. हाक मारायला शब्द सापडेना. तिने आत जाऊन नळी बंद केली. रुग्णाने आभार मानले, पर्यवेक्षकाने लेखी ताकीद दिली: सफाई कामगाराने रुग्णाच्या उपकरणांना हात लावायचा नाही. ती ताकीद वाचायलाही तिला नणंद लागली.

तिचा नवरा एका गोदामातले कॉम्प्युटर सांभाळतो. बायकोसाठी त्याने शब्दकार्डांचं अ‍ॅप स्वतः लिहिलं. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. अभ्यासाचे प्रकार तीन: चारातून एक निवडा, जोड्या लावा, किंवा कार्ड उलटून बघा आणि आपलं आपणच सांगा, आठवलं की नाही. आठवलं तर हिरवं बटण, नाही तर लाल. हिरवं दाबलेला शब्द आधी चार दिवसांनी येतो, मग दहा, मग महिन्याने. लाल दाबलेला उद्याच पुन्हा येतो. रचना चोख होती. गोदामातली माणसं त्याला ‘कार्डवाला’ म्हणायची, कारण जेवणाच्या सुट्टीतही तो तेच करत बसायचा.

पहिल्या परीक्षेत ती बोलण्यात नापास झाली. त्याने अ‍ॅप सुधारलं: हिरवं बटण मोठं केलं, लाल दाबल्यावर वाजणारा आवाज काढून टाकला. दुसऱ्या परीक्षेला बसली तेव्हा अ‍ॅपच्या हिशेबाने तिचे दोन हजार चारशे शब्द पक्के होते. ती पुन्हा बोलण्यातच नापास झाली.

“पण अ‍ॅपमधला आलेख तर नव्वदच्या वर आहे,” तो निकालाच्या कागदाकडे बघत म्हणाला. “परीक्षकच खवट असणार.”

चूक नणंदेने पकडली. ती याच घरात राहते, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, आणि तिची स्वतःची परीक्षा पुढच्या वर्षी आहे. जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती. रविवारी दुपारी ती भावजयीशेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

“वहिनी, तू कार्ड उलटायच्या आधीच हिरवं दाबतेस.”

“घाईत दाबलं गेलं.”

“सलग अकरा वेळा? देवळातली घंटा आहे का ती?”

नवरा खुर्चीवरून उठला. “अगं, खरं सांग.”

तिने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. “तुम्ही रोज संध्याकाळी तो आलेख उघडता. तो खाली गेला की जेवत नाही. पुढ्यातलं ताट तसंच ठेवून बटणं हलवत बसता. मग मी काय करू? दिवसभर फरशी पुसून यायचं आणि घरी तुमचं तोंडही बघायचं?”

मग तो कॉम्प्युटरकडे गेला. कार्ड दिसल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ अ‍ॅप नोंदवत असे, पण त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. दीड हजार शब्दांवर तिने एका सेकंदाच्या आत हिरवं दाबलं होतं. आणि जे शब्द तिला येत नव्हते, नेमके तेच महिनाभर लांब पाठवले गेले होते. तिचे सर्वांत कच्चे शब्द तिने सर्वांत कमी वेळा पाहिले होते.

“म्हणजे आपण दोघांनी मिळून केलं हे,” तो म्हणाला.

“तिघांनी म्हण,” नणंद म्हणाली. “मी पण आत्ताच बघितलं. डोळे काय गहाण ठेवले होते?”

शेवटच्या परीक्षेला नऊ आठवडे होते. त्याने चारातून एक निवडणं काढलं, जोड्या काढल्या, दोन्ही बटणं काढली. आता फक्त चित्र दिसे आणि तोंडाने वाक्य बोलावं लागे. फोन ऐके आणि बरोबर की चूक ते तोच ठरवी. आलेख बघायचा नाही, असं त्याने स्वतःहून कबूल केलं आणि पाळलंही.

पहिल्या दिवशी शंभरपैकी एकतीस आले. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. बाहेर आल्यावर उरलेली कार्डं पुरी केली. कामावर ती फरशी पुसता पुसता ओठ हलवू लागली. बरोबरच्या बायकांना वाटलं, जप करते.

त्याने उत्तरासाठी आधी पाच सेकंद ठेवले होते. पाच सेकंदांत तिचं वाक्य अर्ध्यावर तुटे आणि ती रडे. तिसऱ्या दिवशी त्याने तिला न विचारता पाचाचे बारा केले. बारा सेकंदांत वाक्यं जुळू लागली. सातव्या आठवड्यात ती चौसष्टवर गेली, नवव्यात एक्याऐंशीवर. या वेळचा आकडा खरा होता.

परीक्षेत चित्र होतं: खाटेशेजारी जमिनीवर पडलेला म्हातारा. काय झालं आणि काय कराल, सांगा. तिला सगळे शब्द येत होते. तिने मनात वाक्य जुळवायला घेतलं, रोज जुळवत होती तसंच. परीक्षक थोडं थांबली, मग कागदावर काहीतरी लिहून तिने चित्र उलटलं. दुसऱ्या चित्राला तेच झालं. तिसऱ्याला ती घाईने बोलली आणि चुकली.

निकाल तीन आठवड्यांनी आला. वाचन, लेखन, श्रवण उत्तीर्ण. बोलण्यात चार गुण कमी. खालच्या परिच्छेदात नोंदणीच्या मुदतीचा नियम छापलेला होता. तो तिला आता कोणाच्या मदतीशिवाय वाचता आला.

“बंद करतो हे अ‍ॅप,” नवरा म्हणाला. “माझ्याच्याने आता बघवत नाही.”

“अहो, परीक्षक किती वेळ थांबते माहीत आहे? मी घड्याळ बघितलं. पाच सेकंद. तुम्ही बारा कधी केलेत?”

त्याने मान खाली घातली. “तू रडत होतीस.”

“मग रडू द्यायचं होतं.”

ती हे ओरडून म्हणाली नाही. नणंद दारात उभी होती. तिने फोन टेबलावर ठेवला. तिच्या फोनवरही तेच अ‍ॅप होतं, तेच बारा सेकंद.

“दादा, माझे पाच कर,” ती म्हणाली. “आणि माझ्यावर दया दाखवलीस तर बघ.”

तो हलला नाही. शेवटी बायकोनेच कॉम्प्युटर त्याच्यासमोर सरकवला.

“चार करा,” ती म्हणाली, आणि कामावरचे कपडे शोधायला आत गेली. दुपारची पाळी होती.