चुकवू नये

बेंबळीचे गायकवाड सर जाऊन पाच आठवडे झाले. माझ्यासमोरच गेले... धाराशिवच्या ज्या दवाखान्यात मी हृदयाचा आलेख काढतो, तिथल्याच खाटेवर.

बहात्तरच्या दुष्काळात आमची शाळा सोसायटीच्या गोदामात भरायची. सरांना बेडकाचं हृदय दाखवायचं होतं. पण तळंच आटलेलं, बेडूक कुठून आणणार? मग त्यांनी वर्ग तळ्याच्या दुष्काळी कामावर नेला. बायका ओळीनं मातीच्या पाट्या हातोहात पुढं देत होत्या. सर म्हणाले, हृदयाच्या पेशी अशाच. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम. पडद्यातली दारं उघडली की सोडियम आत धावतं, तीच वीज; ती शेजारणीला जागं करते. मी विचारलं, मग पहिलीला कोण जागं करतं?

"कुणीच न्हाय. ती गळकी हाय. थोडं थोडं आत झिरपतं, भरत आलं की दार आपसूक उघडतं. तिला गप बसताच येत न्हाय. तुझ्यासारखी."

ओळीतून आई म्हणाली, "गुरुजी, त्याला लई चढवू नका."

त्या एका प्रश्नापायी सरांनी मला कॉलेजात घातलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

गेल्या वर्षी सरांना रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. पाकिटावर मराठीत मी लिहिलं : 'रोज सकाळी एक. चुकवू नये.' लिहिलेलं पाळायचं, हा सरांचा जन्माचा नेम. यंदा पुन्हा दुष्काळ. टँकरच्या पाण्यानं त्यांना जुलाब लागले. चार दिवस पोट वाहत होतं आणि ते रोज गोळी घेत होते. पोटॅशियम दोन्ही वाटांनी धुऊन गेलं.

पाचव्या दिवशी त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं, आलेख मीच काढला. ठोक्यामागची लाट चपटी, मधेच अवेळी ठोके. सरांनी कागद मागून घेतला, वाचला.

"ओळ मोडली रं."

"सर, जुलाबात ही गोळी थांबवायची असते हो..."

"तसं लिहिलं नव्हतंस."

रागावले नव्हते. वही तपासताना म्हणत, तसंच म्हणाले. सलाईन लावलं, पोटॅशियम चढवायला घेतलं, तेवढ्यात रेघ नुसती थरथरू लागली. सगळ्याजणी आपापली पाटी उचलत होत्या. कुणाचा कुणाला मेळ नव्हता. आम्ही छाती दाबत राहिलो... कुणी परत ओळीत आलं नाही.

सरांच्या पत्नींनी ते गोळ्यांचं पाकीट माझ्याकडं दिलं. माझ्या अक्षराखाली सरांनी हजेरी मांडावी तशी रोज एक रेघ ओढली आहे. शेवटच्या सकाळची जरा वाकडी आली आहे, पण चुकलेली नाही.