अर्धवट बसलेलं मॅगझिन

नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत रायफली दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘सबूर’ म्हणत. कुणी तावातावानं आलं की त्यांचा पहिला शब्द तोच. माणसाला स्टुलावर बसवायचं, रायफलीचं गोळ्या भरायचं मॅगझिन काढायचं, बोल्ट मागं ओढून नळी रिकामी आहे ना हे डोळ्यांनी आणि बोटानंही पाहायचं, मग गाऱ्हाणं ऐकायचं. निम्मी गाऱ्हाणी स्टुलावरच विरत.

त्या दिवशी समोर धाकटी बहीण होती. तिला सबूर म्हणणं म्हणजे तापल्या तेलात पाणी.

“दादा, सरावात दोनदा मॅगझिन खाली पडलं. परवा निवड आहे. संघाबाहेर गेले तर तुझ्या दारात येऊन बसेन!”

“बस की. वहिनी कामाला लावेल.”

त्यांनी रिकामं मॅगझिन बसवलं. टक्. मग नकली काडतुसं काठोकाठ भरून, बोल्ट बंद ठेवून पाहिलं. बसेना. वरचं काडतूस बोल्टला अडत होतं, स्प्रिंगला दबायला जागाच नव्हती. एक कमी केलं, बसलं.

“ठासून भरतेस का गं?”

“मी काय आज आलेय? एक कमीच भरते.”

खटका दाबताच मॅगझिन अलगद हातात आलं. खटका अडकतो ती मॅगझिनची खाच झिजली नव्हती, खटक्यामागं तेल चिकटलं नव्हतं. दुसरं मॅगझिनही तसंच गुण्यागोविंदानं बसलं. सबूर चक्रावले.

“आता तू बसव बघू.”

तिनं झोकात बसवलं. अडल्यासारखं वाटताच हात काढला. टक् झालंच नाही. दादानं बोटभर ओढलं तर मॅगझिन त्यांच्या हातात.

मैदानावर कानांवर आवाजरोधक असतात. इतकी वर्षं ती तो टक् तळव्यानंच ऐकत आली होती. त्यांनी तिचा हात उलटा केला, अंगठ्याशेजारी पेचकस टेकवला.

“कळतंय?”

“नाही. बधिर झालंय,” ती भिंतीकडं बघत म्हणाली.

“कधीपासून?”

“वहिनीला सांगू नकोस. तिच्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडं ओढत नेईल.” मग घाईनं म्हणाली, “खाच जरा घासून दे ना. हलकं बसेल.”

“हलकं बसेल आणि हलकंच पडेल. मी कानस लावणार नाही. बसवलंस की खाली ओढून बघायचं. दर वेळी.”

“शिकाऊ पोरींसारखं? अरे, वेळ जातो!”

“जाऊ दे. पडलेलं उचलायला त्याहून जास्त जातो.”

निवडीच्या दिवशी सबूर मागच्या कठड्याशी उभे होते. बहिणीनं मॅगझिन बसवलं, ओढलं. बदललं, पुन्हा ओढलं. शेजारच्या नेमबाज बाई तोवर गोळ्यांत पुढं निघून गेल्या होत्या. शिट्टी झाली तेव्हा तिची एक गोळी उरली होती. मॅगझिन मात्र जागचं हललं नव्हतं.

पंचांनी नावं वाचली. ती संघात आली, पण राखीव म्हणून. ती आवाजरोधक गळ्यात अडकवून भावापाशी आली. ते मान खाली घालून कठडा पुसत होते.

“तोंड काय पाडतोस? राखीव म्हणजे घरी नव्हे,” ती म्हणाली. “पण हात असाच राहिला, तर तेवढंही नाही राहायचं.”

“मग?”

“मग काय! वहिनीला विचार, त्या हाडांच्या डॉक्टरीणबाई किती वाजता बसतात.”