नव्या वर्षाचा रकाना

मंडळीच्या वाचनाचा तक्ता माझ्या हाती आला त्या दिवशी मी इतकी खूश होते की घरी येऊन दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर टाकायची विसरले. तीस वर्षं हा तक्ता मंगरुळपीरच्या आमच्या प्रार्थनागृहात एकाच काकांकडं होता. रिटायर मास्तर, अक्षर सुबक, शिस्त कडक. नाताळ झाल्यावर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर मला दिला. मी अंगणवाडी सेविका. रजिस्टरं भरण्यात जिंदगी चालली, त्यामुळं कोणाची ना नव्हती.

तक्त्यात वर्षातल्या प्रत्येक रविवारी शास्त्रातले कोणते उतारे वाचायचे ते आधीच ठरलेलं असतं. तीन वर्षांचे तीन रकाने, ते संपले की पुन्हा पहिला. आवडेल ते वाचायचं नाही, येईल ते वाचायचं. आमची घरं चौदा, दर रविवारी एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याला आठ दिवस आधी चिठ्ठी जाते, आणि तेच उतारे त्या आठवड्यात सगळी घरं रोज सकाळी आपापल्या घरी वाचतात. मी पाचला उठते, गॅसवर दूध ठेवते आणि वाचायला बसते. दूध कितीदा उतू गेलं असेल, मोजलं नाही. हाच तक्ता जगभरच्या कितीतरी मंडळ्यांत चालतो. आपण वाचतोय तेच कुठल्या तरी दूर देशातली बाई आज वाचत असेल, असं मनात आलं की मला आजही गुदगुल्या होतात.

आता बहिणीचं सांगते. माझी धाकटी आसेगावला दिलेली, याच मंडळीतली. सव्वा वर्षापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. उपासनेला यायची, खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि शेवटचं आमेन झालं की निघून जायची. कारण मीच होते. आई माझ्याकडं आजारी होती तेव्हा धाकटीकडं सोयाबीनची सोंगणी चालू होती, मजूर मिळत नव्हते. महिनाभर ती आली नाही आणि मी आतून धुमसत राहिले. शेवटच्या दोन दिवसांत आईनं तीनदा म्हटलं, धाकटीला बोलाव. मी फोन केला नाही. येईल तेव्हा येईल, म्हटलं. आई गेली. तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना मी तिला म्हटलं, की आईपेक्षा सोयाबीन मोठं झालं तुले. फोनचं मात्र कोणापाशी बोलले नाही, नवऱ्यापाशीही नाही.

मला ती परत पाहिजे होती. रोज पाहिजे होती. पण माफी तिनं मागावी, असं माझं चाललं होतं. स्वतःची चूक माहीत असली की माझा आवाज जास्तच चढतो, हा माझा स्वभाव.

तर तक्ता हाती आला, जानेवारी लागला. नवं वर्ष, नवा रकाना, म्हणून मी काकांचा तिसरा रकाना सोडून पहिल्यावर आले आणि महिन्याभराचे उतारे काढून ठेवले. शेवटच्या रविवारचं पाहिलं आणि उडालेच. त्या दिवशी नव्या करारातल्या पत्रातला उतारा होता तो एका मंडळीतल्या भांडणावरचा. तुमच्यात तट पडलेत असं माझ्या कानावर आलंय, एका मनानं राहा, असं बजावणारा. मी पाळ्यांची वही उघडली. त्या रविवारी पाळी दुसऱ्याच घराची होती. मी त्या बाईला गोड बोलून फेब्रुवारीत ढकललं आणि तिथं धाकटीला बसवलं. सगळ्यांसमोर उभी राहून ती हे वाचणार आणि तिला पाझर फुटणार! चिठ्ठी मी नवऱ्याच्या हाती पाठवली. त्यानं ती वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं की तू देवाले पोस्टमन बनवून राह्यली काय. मी म्हटलं, तुमी गाडी काढा.

तो आठवडा माझा सणासारखा गेला. रोज सकाळी तो उतारा वाचायचे आणि प्रत्येक ओळीला धाकटीचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे. ते सगळं मलाही लागू होतं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. शनिवारी तर नवी साडी इस्त्री करून ठेवली.

आमचे पाळकसाहेब वाशीमहून महिन्यातून एकदाच, शेवटच्या रविवारी येतात. आले, वाचनाच्या स्टँडवरची चिठ्ठी पाहिली, आणि मला जवळ बोलावून विचारलं की हे कोणत्या वर्षाचं आहे. मी ठसक्यात सांगितलं, नवं वर्ष म्हणून नवा रकाना. त्यांनी चष्मा काढला आणि हसायलाच लागले. मंडळीचं वर्ष जानेवारीत बदलत नाही, ते म्हणाले, ते नाताळाआधी चार रविवार, आगमनकाळ लागला की बदलतं. काकांनी डिसेंबरात रकाना बदललेलाच होता. मी महिन्यात दुसऱ्यांदा बदलला. म्हणजे तीन रविवार आमची चौदा घरं बाकीची दुनिया पुढच्या वर्षी जे वाचणार ते आत्ताच वाचून मोकळी झाली होती. पाळकसाहेबांनी हे सगळ्यांना सांगितलं आणि सगळी मंडळी हसली. काळा चष्मा लावून बसलेले काका तर पोट धरून हसले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि माझा सगळा बेत पाण्यात.

पाळकसाहेबांनी बरोबर रकान्यातला उतारा काढून धाकटीपुढं ठेवला. तो तिनं घरी वाचलेला नव्हता, मीही नाही. जुन्या करारातला होता. सगळं गाव वेशीपुढच्या चौकात जमलंय, बाया, माणसं, समजेल तो प्रत्येक जण. पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांच्यापुढं शास्त्र वाचलं जातं, अर्थ सांगितला जातो, आणि ऐकता ऐकता लोक रडायला लागतात. तेव्हा वडीलधारे सांगतात की आज रडू नका, घरी जा, गोडधोड खा, आणि ज्याच्या घरी काही केलेलं नाही त्याला वाढून पाठवा.

धाकटी छान वाचत होती. खणखणीत, आईसारखी. लोक रडायला लागतात त्या ओळीशी आली आणि थांबली. पुढचा शब्द निघेना.

आमच्याकडं रीत अशी, की वाचणारा अडला तर तक्ता ज्याच्याकडं त्यानं उतारा पुरा करायचा. सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी उठले. तिच्या बाजूला उभी राहिले, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि मीच अडले. मग तिनं पुढचं वाक्य घेतलं. नंतरचं मी. असा आम्ही दोघींनी तो उतारा कसाबसा शेवटाला नेला. सव्वा वर्षात पहिल्यांदा तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि तिनं तो बाजूला घेतला नाही.

उपासना सुटल्यावर ती निघून गेली नाही. बाहेर पायरीवर बसली. मी तिच्या बाजूला जाऊन बसले.

"ते भांडणाचं पत्र तू मले मुद्दाम देल्लं होतं ना?" तिनं विचारलं.

"हो. दुसऱ्याची पाळी बदलून."

"मले चिठ्ठी पाह्यल्याबरोबर समजलं होतं."

"मंग आली काहून?"

"पाळी होती माही," ती म्हणाली. "अन् ते पत्र दोघींवर होतं. मी त तुह्याकडं पाहूनच वाचणार होती."

मला हसू आलं आणि त्याच वेळी कळलं की आता नाही सांगितलं तर मरेपर्यंत सांगणार नाही. मी तिच्याकडं न पाहता सांगून टाकलं. "आईनं तुले बलावलं होतं. तीनदा. मीच फोन नाही केला. राग होता मले तुहा. चूक माही हाय, अन् बोल मी तुले लावला."

ती समोरच्या चपलांकडं पाहत राहिली. आसेगावची काळीपिवळी जीप रस्त्यावर येऊन थांबली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मला वाटलं, संपलं, ही आता उठणार ती कायमचीच.

तिनं हातानंच ड्रायव्हरला जा म्हणून खुणावलं.

"काय म्हणे आई?" ती म्हणाली. "तीनदा म्हणतं ना तू. तिन्ही बाऱ्या काय म्हणे ते सांग."

मी सांगितलं. पहिल्या बारीला आई म्हणे, धाकटीले बलाव. दुसऱ्या बारीला म्हणे, येऊन राह्यली काय ते. आणि तिसऱ्या बारीला म्हणे, शेतातून थकून येईल ते, तिच्यासाठी भाकर झाकून ठेव.