मी गुळमुळीत केलेला प्रश्न

"इंग्लिशमध्ये विचारलं तरी ती बोलत नाही, जर्मनमध्येही नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे. एकदाच काहीतरी पुटपुटली, ते मराठी असावं असं शेजारीण म्हणते. तुम्ही किती वेळात याल?"

फोन रेगेन्सबर्गच्या पोलिसांचा होता. साल २०१५, फेब्रुवारी, सकाळचे दहा. मी एका मशीनच्या मॅन्युअलचं भाषांतर करत बसले होते. "वीस मिनिटांत पोचते," म्हटलं आणि बस पकडली.

आधी माझं काम सांगते. मी शपथ घेतलेली दुभाषी आहे. म्हणजे समोरचा जे बोलेल तेच आणि तेवढंच दुसऱ्या भाषेत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, त्यातलं काही गाळायचं नाही, अशी कोर्टात शपथ घेतलेली. मराठीला इथे फारशी मागणी नसते. वर्षातून चार-पाचदा बोलावणं येतं, तेही लग्नाच्या नोंदणीसाठी नाहीतर जन्मदाखल्यासाठी. पोलिसांचा हा पहिलाच फोन होता. इथल्या विद्यापीठांना स्वतःचे पोलिस नसतात. होस्टेलमध्ये कुणाचं काही बिनसलं तर गावातल्याच पोलिसांची गाडी येते.

होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या खोलीतली एक जर्मन मुलगी प्रेशर कुकर कवटाळून उभी होती. आतल्या मुलीचं नाव प्रेरणा. तिने आदल्या दिवशी हा कुकर आणि मसाल्यांचे सगळे डबे शेजारणीला देऊन टाकले होते. एरवी त्या कुकरला ती कुणाला हात लावू देत नसे. म्हणून शेजारणीने सकाळी दार वाजवलं, आणि उत्तर येईना तेव्हा पोलिसांना कळवलं. मला मनातून जरा हसूच आलं. कुकर दिला म्हणून पोलिस? आपल्याकडे आधी शिट्टी आहे का ते बघतात.

खोलीत पन्नाशीच्या पोलिस बाई, फ्राऊ होफमान, टोपी बाजूला काढून चक्क जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचा जोडीदार बाहेर कॉरिडॉरमध्ये होता. प्रेरणा पाठ करून पडलेली. तिच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती.

"जय भीम, प्रेरणा," मी म्हटलं. "मी वर्ध्याची."

ती हळूच वळली. "जय भीम, ताई. मी हिंगणघाटची."

इथेच मी घसरले. नवरा पुण्याचा, मुलगी मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देणारी. माझी बोली मी चार वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मला त्या आवाजाची हाव सुटली. काम विसरून मी तिच्याशी गप्पाच मारायला लागले.

"काय करून राहिली वं अशी? जेवली का?"

"मन नाई लागत, ताई. घरची लय आठवण येते. सकाळी आई अंगणात सडा टाकते नं, त्याचा आवाज येते मले इथं. डोळे उघडले की बर्फ."

सड्याचा तो आवाज मलाही ऐकू यायचा. फक्त मी कुणाला सांगितलं नव्हतं.

फ्राऊ होफमाननी घसा खाकरला. मग मी भानावर येऊन सगळं जर्मनमध्ये सांगितलं. पुढचंही सांगितलं: एकाच परीक्षेत ती तिसऱ्यांदा नापास झाली होती. इथे तिसऱ्यांदा नापास म्हणजे नाव कायमचं कापलं जातं, आणि शिक्षण नाही तर व्हिसाही राहत नाही. तसं पत्र आलं होतं.

"बाबानं चौकात फ्लेक्स लावला होता, आमची लेक जर्मनीले म्हणून," ती म्हणाली. "आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी मनात निदान करून मोकळी झाले. पोरीला घरची आठवण येतेय, बस. घरी नेते, वरण-भात घालते, दोन दिवसांत ताळ्यावर येईल.

मग फ्राऊ होफमाननी शांतपणे एक प्रश्न टाकला. "तुम्हाला जीव द्यायचा आहे का?"

मी तो मराठीत असा विचारला: "तुझ्या मनात काही वाईटसाईट विचार तर येत नाहीत ना गं?"

आमच्या घरात असलं तोंडून काढायची सोय नव्हती. कुणी काढलंच, तर आई लगेच "शुभ बोल" म्हणायची. शिवाय खरं सांगते, मला "नाही" हेच ऐकायचं होतं.

"नाई, ताई," प्रेरणा म्हणाली. तिने नजर खाली घातली.

"नाही म्हणते," मी जर्मनमध्ये सांगितलं.

फ्राऊ होफमान माझ्याकडे बघत राहिल्या. "मी एवढंसं विचारलं. तुम्ही बरंच काही बोललात, तेही हसून. तर, तुम्ही माझा प्रश्न विचारलात की तुमचा?"

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. "माझा," मी म्हटलं.

"मग आता माझा विचारा."

मी तिच्या कॉटशी खाली बसले. जीभ उचलत नव्हती. पण विचारलं.

"प्रेरणा, तुला जीव द्यायचा आहे का?"

तिने नजर वर केली. मग म्हणाली, "हाव." आणि ढसाढसा रडायला लागली. आजच दुपारचं ठरवलं होतं म्हणाली. मी ते शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितलं.

त्यानंतर फ्राऊ होफमाननी घाई अशी केलीच नाही. अटक नाही, गुन्हा नाही, घरी तिच्या परवानगीशिवाय कळवणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि मी तीनदा शब्दन् शब्द तसंच सांगितलं. "तुमच्याबरोबर मी दवाखान्यात येते. याल का?" प्रेरणाची एकच अट होती, कुणी बघायला नको. जोडीदाराने गाडी मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी लावली. आम्ही मागच्या जिन्याने उतरलो.

दवाखान्यात डॉक्टरने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी तो जसाच्या तसा विचारला.

बाहेर आल्यावर मी फ्राऊ होफमानना म्हटलं, "माझी चूक झाली."

"हो. रिपोर्टमध्ये लिहावी लागेल."

"लिहा."

"दुसऱ्यांदा नीट विचारलंत, तेही लिहीन," त्या म्हणाल्या.

प्रेरणा सहा आठवडे दवाखान्यात होती. पंधराव्या दिवशी तिने स्वतःच घरी फोन लावला. शेजारी मी होते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो फ्लेक्स तं कवाच फाटला वाऱ्यानं. तू ये." सुटल्यावर ती दर शनिवारी माझ्याकडे जेवायला यायची. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून मनसोक्त वऱ्हाडी बोलायचो, आणि मी शुक्रवारपासूनच तिची वाट बघायला लागायचे. एप्रिलअखेर ती कायमची परत गेली. आता हिंगणघाटला शिकवते.

धडा एवढाच. माणूस आपल्या भाषेतला, आपल्या गावाकडचा निघाला, की दुभाष्याने जास्त सांभाळून राहावं. आपण त्याला जपतोय असं वाटतं, आणि खरं म्हणजे आपण स्वतःला जपत असतो. तेव्हापासून मी काहीच गुळमुळीत करत नाही. लोक दचकतात, पण खरं बोलतात.

ती परत गेली त्या दिवशी म्युनिकच्या विमानतळावर बॅगा दिल्यावर प्रेरणाने माझा हात धरला. "ताई, एक विचारू? तुमाले नाई वाटत का घरी जावंसं?"

इतक्या वर्षांत हे मला असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं.

"वाटते," मी म्हटलं. "रोज वाटते."